डोहाला दिलेलं पान

१४ सप्टेंबर
आणि वर महारुद्रदादाच म्हणतो, ह्याचा पाय एका जागी ठरत न्हाई. पुण्याची कंपनी सोडली तवा बोलला, हैदराबादचं हॉटेल सोडलं तवा बोलला, आता किनवटाहून निघालो तर फाटकापर्यंत बोलत आला. म्हणला, जा, परभणी जिल्ह्यात जाऊन मासे हाण, दुसरं येतंय काय तुला. थोरला भाऊ हाय म्हणून गप बसलो. पण दादा, एकदा येऊन बघ. पूर्णेला उतरलो, स्टेशनाबाहेर चहा घेतला, ही वही घेतली आणि ऑटोनं गोदावरीच्या काठावर आलो. एवढं पाणी आमच्या सात पिढ्यांनी बघितलं नसंल. काठावर पत्र्याची खोली, खाट, पंखा, आणि मोबाईलला फुल्ल रेंज.

मालक व्यंकटराव. नदीचा हा डोह त्यानं मासेमारीला घेतलाय. होडी सूर्यभान भोई चालवतो, म्हातारा पण दंड लाकडासारखे. तो म्हणला, पाऊस सरला की पाणी निवळतं, मासा अंगानं भरतो, हेच दोन महिने कमाईचे. संध्याकाळी गळ कसा टाकायचा ते दाखवलं. बेडकाचं पिल्लू लावून काठाच्या कपारीजवळ सोडलं, आणि दांडगी मरळ लागली. सूर्यभान म्हणला, नव्या हाताला पाणी भुलतं. आईला फोनवर सांगितलं तर हसली.

१८ सप्टेंबर
काम अंगवळणी पडायलंय. दिस उगवायच्या आधी जाळी वढायची. रहू, कटला, वाम निवडून बर्फात भरायचे. मोठ्या माशाचं पोट मी इथंच फाडतो, साफ मासा पूर्णेच्या बाजारात चढ्या भावानं जातो.

इथले मासे येवढे का फुगलेत ते आज कळलं. पाच-सहा गावची माणसं राख सावडून ह्याच डोहात सोडतात. आजपासून पितरपाट लागला. इथं कावळ्याला पान ठेवत न्हाईत, पाण्याला देतात. पत्रावळीवर खीर, वडे, भात ठेवायचं, पाण्यात सोडायचं, मेलेल्याचं नाव घ्यायचं. पत्रावळ बुडती आणि घटकाभरानं धुतल्यासारखी रिकामी वर येती. डोळ्यानं बघितलं.

सूर्यभान म्हणला, हे पंधरा दिवस आमचे बाप-आजे जाळं टाकीत नव्हते. व्यंकटराव हसला. म्हणला, पाव्हणे पंगतीला बसले की दार लावून घ्यावं, सगळे एकदम घावतात. टाका जाळी.

२१ सप्टेंबर
आज बापाची तिथ. आईला फोनवर म्हणलो, इथं पाणी पान घेतं, कावळ्याची वाट बघायला नको. ती लय खुश झाली. म्हणली, माझ्या नावानं सोड. काठावरच्या सुलाबाईकडून भात आणि खीर मागून आणली आणि होडीतूनच पान सोडलं.

आमच्याकडं घरं भिंतीला भिंत लागून. प्रत्येक माळवदावर पान असतं. पितर भलत्याच घरी जाऊ नये म्हणून आमी वाढणारीचं नाव मोठ्यानं घेतो. तसंच घेतलं. म्हणलो, बन्सीधर, पान घे, धुरपताबाईनं वाढलंय.

सूर्यभाननं वल्हं खाली ठेवलं. इचारलं, धुरपताबाई कोण? आई, म्हणलो. मेली का? न्हाई, हाय की, आत्ताच बोललो. त्यावर म्हातारा म्हणला, मग आता होती म्हणायची सवय लाव. लय राग आला मला. काठाला आल्यावर त्यानं सांगितलं की इथं फक्त मेल्याचं नाव घ्यायचं, दुसरं नाव तोंडातून काढायचं न्हाई. पाण्याला कोण जितं कोण मेलं कळत न्हाई. नाव ऐकलं की ते खायला बसतं.

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

२३ सप्टेंबर
एका कटल्याच्या पोटात दात निघाला. माणसाचा. राख सोडतात, त्यातला असंल. दुपारी आईचा फोन आला. सहज म्हणली, काल भाकर खाताना दाढ पडली, सगळं घर झाडलं पण घावली न्हाई. आईची दाढ सोनाराच्या तारेनं बांधलेली होती.

पुन्हा बघितलं. तार हाय.

२५ सप्टेंबर
आज तीन दात निघाले. तीन माशांत. एका वामीच्या पोटात पांढऱ्या केसांची जुडी, आईच्या केसाला असतो तसला लाल दोरा बांधलेली. फोन केला. आई बोबडी बोलायली. हसायली. म्हणली, म्हातारपण आलं बाबा, उशीवर केस गळून टक्कल पडलंय. आणि सपनात तुझा बाप येतो, चल जेवायला म्हणतो. दादानं फोन हिसकून घेतला. म्हणला, तिला दवाखान्यात न्यायचंय, तू नुस्ता फोन कर तिकडून.

व्यंकटरावाला म्हणलो, जाळी बंद करा. तो म्हणला, पोट साफ कर, बर्फात टाक. गिऱ्हाईक पोट बघत न्हाई.

२८ सप्टेंबर
गळाला मरळ लागली. जाळ्यातले मासे फाडायचे न्हाई असं ठरवलं होतं म्हणून गळ टाकला होता. तिचं पोट हलत होतं.

आत डोळा होता. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदूचा ठिपका हाय —

फोन केला न्हाई. दादाचाच आला. आईचं एका डोळ्यानं दिसायचं गेलं म्हणला. डॉक्टरला कळंना. म्हणला, तू आलास तर बरं होईल, ती तुझंच नाव घ्यायली. दादा माझ्याशी असा कधी बोलला न्हाई.

३० सप्टेंबर
व्यंकटरावाच्या पाया पडलो, सगळं सांगितलं. तो पान चघळत म्हणला, येवढंच हाय व्हय, मग दुसरं नाव दे की पाण्याला. म्हातारी महाग वाटत असंल तर स्वस्तातलं दे. अमावस्येपर्यंत टाईम हाय. मी इचारलं, मालक, तुमी कुणाचं दिलं होतं? हसला. म्हणला, माझं दुसरं लगीन उगंच झालं का?

सूर्यभान खाली मान घालून जाळं शिवत होता.

२ ऑक्टोबर, अमावस्या
लय इचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. महारुद्र म्हणलो. एकदाच. पत्रावळ बुडाली ती वर आलीच न्हाई.

संध्याकाळी आईचा फोन. बरं वाटायलंय म्हणली. पेज पिली.

३ ऑक्टोबर
जाळं दोघांना वढंना. वामी. नुस्त्या वामी. एकच फाडली. दातांची अख्खी बत्तिशी — दादाची, पान-तंबाखूनं लाल झालेली —

फोनवर आई रडायली. सकाळी दादाला उठवायला गेली तर गादी चिंब. तोंडात दात न्हाई. डोळ्यांच्या जागी पाणी भरलेलं. डॉक्टर अटॅक म्हणला. मातीला ये म्हणली. मालक सुट्टी देत न्हाई म्हणलो. मालकाला इचारलंच न्हाई.

७ ऑक्टोबर
होडीखालून कुणीतरी बुक्क्या मारतं. सूर्यभान म्हणतो, मासा हाय. बोलतंय म्हणलो. मासाच हाय म्हणतो, पण कानाला फडकं बांधून होडीत बसतो.

१२ ऑक्टोबर
दसरा. दादाचा दहावा. आईचा फोन. कावळा शिवला न्हाई. दुपार झाली तरी शिवला न्हाई, शेवटी दर्भाचा कावळा केला. म्हणली, माझ्या लेकराचा जीव कशात तरी अडकलाय. राख घेऊन तुझ्याकडंच येते, तिथं पाणी घेतं म्हणलास ना. दोघं मायलेकरं हाका मारू. आपल्या घरचं हाय म्हणून नावं घेऊन सांगू त्याला.

सूर्यभानला म्हणलो, पितरपाट तर सरला. तो म्हणला, पाण्याला पंचांग न्हाई.

१३ ऑक्टोबर
उद्याच्या गाडीनं निघायली. एका डोळ्यानं. येऊ नको म्हणलो. का, म्हणली. का ते कसं सांगू —

होडी बांधलीय तरी बुक्क्या. दादाच. येऊ दे तिला म्हणायलाय. येऊ दे. येऊ दे.

१४ ऑक्टोबर
स्टेशनात बसलीय ती. बासरला जा म्हणलो, तिथं घाट हाय, भटजी हाय, मी तिथंच येतो. बरं म्हणली. भाड्याला, भटजीला पैसे पाठव, न्हाई तर इकडंच येते. पूर्णेचं तिकीट हातात हाय.

मालकाकडून सगळा पगार उचलला. फोनवर आकडा टाकला. सूर्यभान मागं उभा होता. इचारलं, आईला कुठं पाठवतो रं? बासरला म्हणलो. म्हाताऱ्यानं पाण्याकडं बोट केलं. मग म्हणला, लेकरा, हेच पाणी खाली बासरला जातं.

आई फोनवर हाय. पैसे पाठवलेस का म्हणायली, गाडी लागली म्हणायली. न्हाई पाठवले तर इथं — पाठवले तर तिथं — तुझं नाव घेऊ नको म्हणून सांगतो — ऐकू येईना तिला — बोट बटणावर — नऊ हजार चारशे —