अक्का आणि ‘उसातली जाऊ’

सातारा,
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,

बाळासोचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. भावजींचा गुडघा कसा आहे? तेल लावून घेतात, की अजून सुभेदारकीच्या तोऱ्यात लंगडतात?

मी काढलेल्या ‘उसातली जाऊ’ या भुताच्या पिक्चरचे सतरा वर्षांनी दिवस पालटले बघ. काल इथल्या कॉलेजच्या पोरांनी हॉल घेऊन तिन्ही भाग लागोपाठ लावले. पुढच्या दोन भागांना तू नाही म्हणालीस, ते लागल्यावर पोरं वडापाव खायला बाहेर. पण पहिल्यात तू भूत होऊन उसाच्या सरीतून किंचाळत आलीस आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला! त्यांना काय ठाऊक, रक्त म्हणून मी तुझ्या अंगावर काकवी ओतली होती आणि तू “आरं बाळ्या, मुंग्या चावत्यात रं!” म्हणून पळत सुटली होतीस. त्यातलं ‘बाळ्या’ तेवढं मी कापलं.

परवा तुझ्या धैर्यशीलचा फोन आला होता. रेश्माच्या डोहाळजेवणाचं ठरवताना गल्लीतल्या बायका म्हणाल्या म्हणे, “सुनंची पयली ओटी सासूनं नगं भराय. तिला लागीर झालंतं.” आणि तू “बरं” म्हणालीस. अक्का, तू, आणि मुकाट्यानं ‘बरं’?

म्हणून हे लिहितोय. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते.

पहिला आठवडा पिक्चर चालेना, तेव्हा तुमच्या आष्ट्यात रिक्षा फिरली होती, ‘शूटिंगमध्ये बाईला खरंच भुतानं धरलं’ असं ओरडत. ते टॉकीजवाल्यानं केलं, असं मी तुला सांगितलं. तू बिचाऱ्याला आजवर शिव्या घालतेस. तो मजकूर मी लिहिला होता. टॉकीज भरलं, आणि तुला कुंकू लावायला बायका कचरायला लागल्या. मला ते तेव्हाच कळलं होतं. तरी गप्प बसलो, कारण पिक्चर चालला होता. लाज वाटते गं.

काल स्टेजवर माईक घेऊन मी हे सगळं सांगून टाकलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, चौथ्या भागाची जाहिरात करतोय.

पण ओटी काही सातारच्या पोरांच्या हातात नाही. गुरुवारी डोहाळजेवणाला पहिल्या एस्टीनं येतोय. बायकांच्या कार्यात पुरुषानं शिरू नये, माहीत आहे. तरी आत येऊन, सगळ्यांसमोर तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगणार. त्यांना पटेल की नाही, देव जाणे. तू मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत थांबू नकोस. नारळ घे आणि सुनेची पहिली ओटी भर. मग मला घराबाहेर काढलंस तरी चालेल.

तुझ्यामागं भूत लावणारा, तुझाच धाकटा,
बाळासो