शेजाऱ्यांच्या मेहेरबानीवरची बंदूक

मी, हेइकिची ओत्सुबो, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शेती व रानडुकरांची शिकार, राहणार कुरेदानी वस्ती, शिमाने, नोटरीसाहेबांसमोर दोन साक्षीदारांच्या देखत सांगून लिहवतो, की हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरचा दाखला मी बंदुकीच्या परवान्यासाठी दर तीन वर्षांनी पोलिसांत देतो. इतरांनी आपापला दाखवावा.

१. घर व भातखाचर पत्नी सुमिए हिला. परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाला पोलीस तिला विचारत, "नवरा पितो का? हात उचलतो का?" ती म्हणे, "छे हो, देवमाणूस!" आणि मग महिनाभर मला भांडी घासायला लावी. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते हे घरच्यांनाही कळू नये, असा नियम आहे. मी विसरलो की तिलाच विचारतो.

२. पणजोबांची तोड्याची बंदूक जावयाला. त्याला रक्त पाहून भोवळ येते, पण हरकत नाही. शिक्षण खात्याच्या कागदाप्रमाणे ही बंदूक नसून कलावस्तू आहे.

३. माझी छऱ्यांची बंदूक वारशाने कोणालाच देता येत नाही. मुलगी चिनात्सु परीक्षा व नेमबाजी दोन्ही पास झाली आहे. परवाना मिळाला तरच ती तिची, नाहीतर पोलिसांत जमा. वस्तीत दुसरा शिकारी नाही. तिला परवाना नाकारला, तर दोन वर्षांत डुकरं सगळं फस्त करतील आणि आता ती कसते ती शेती संपेल. मला पोरीचा फार अभिमान वाटतो. तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहवतो.

४. शेजारी सादाओ गोंदा याने १९८४ साली बांधाचा दगड माझ्या बाजूला दोन हात सरकवला. पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात आणि भांडखोराला बंदूक मिळत नाही, म्हणून एकेचाळीस वर्षं मी या माणसाला कमरेत वाकून नमस्कार केला. आता मरताना कसला परवाना! सादाओ चोर आहे. हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणूनच त्याला साक्षीला बोलावलं.

यावर सादाओ म्हणाला, "लिहा साहेब, लिहा! आणि हा शांत माणूस आहे असं मी एकेचाळीस वर्षं पोलिसांना खोटं सांगत आलो, तेही लिहा. तेव्हा माझी रताळी होती शेतात. आता सोलरची पॅनेलं आहेत, डुकरं ती खात नाहीत. पुढच्या आठवड्यात पोलीस चिनात्सुची चौकशी करायला येतायत. काय सांगू रे हेइकिची? बापावर गेलीय म्हणून सांगू?"

नोटरीसाहेबांनी चष्मा पुसला. मी सुमिएला चहा टाकायला सांगितलं.

५. कलम चार रद्द. बांधाचा दगड आहे तिथेच शोभतो. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणतात, म्हणून ती दोन हात जमीन मी श्री. सादाओ यांना आजच स्वखुशीने देत आहे. बाकी जगात म्हणे लोक बंदूकवाल्याला भितात. आमच्याकडे बंदूकवाला शेजाऱ्यांना भितो.

६. दुसऱ्या साक्षीदार फुमी कुरोइवा, निवृत्त पोस्टमास्तर, चहा पीत ऐकत होत्या. आता पेला खाली ठेवून म्हणाल्या, "पोलीस माझ्याकडेही येतील ना हो?"

मागच्या दारची अंजिराची दोन्ही झाडं फुमीबाईंना, तीही आजच.

मृत्युपत्र इथेच आवरतो. वस्तीत अजून तीन घरं आहेत, आणि त्यातले दोघे आत्ताच अंगणात येऊन उभे राहिले आहेत.

सही व शिक्का: हेइकिची ओत्सुबो
साक्षीदार: सादाओ गोंदा, फुमी कुरोइवा
ठिकाण: कुरेदानी, शिमाने
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५