समोरच्या खोलीचे कुलूप

मी, शुभदा कमलाकर खानझोडे, वय ६७, अविवाहित, राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे साहेब केव्हाच त्यांच्या देशी परतले.

१. ज्या आंतरराष्ट्रीय कापूस संघटनेत मी क्षेत्र समन्वयक होते, तिचे कार्यालय माझ्याच घराच्या समोरच्या खोलीत होते. दरवर्षी नवा करार, दरवर्षी पेढे. आजारपणाची रजा मागितली, तसा करार संपला. न्यायालयात गेले. तिथे कळले की अशा संघटनांना कायद्याचे संरक्षण असते, त्यांच्यावर इथे दावा चालत नाही. तक्रार त्यांच्याच अंतर्गत समितीकडे करायची. समितीचे अध्यक्ष मला काढणारेच साहेब निघाले. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि स्वतःला निर्दोष ठरवले.

२. पुढे संघटना गेली, पण त्या खोलीत आपली कपाटे ठेवून आणि घराच्या समोरच्या दाराला कुलूप लावून गेली. त्या सामानालाही संरक्षण! बेलिफसुद्धा हात लावीना. तेव्हापासून मी माझ्याच घरात मागच्या दाराने, मोरीवरून शिरते. याचा मला अजून संताप येतो. शेजारचे मेकॅनिक मोहिउद्दीनभाई म्हणतात, "बाई, कायले भेता? दोन ठोक्यात तोडून देतो." पण त्यांना खटल्यात अडकवायला माझे मन धजत नाही.

३. भाचा सलील याला त्या संघटनेत मीच चिकटवले होते. समितीसमोर साक्षीला आला आणि म्हणाला, "आत्या, नियमच तसा आहे, मी काय करू?" त्याला दारावरची संघटनेची निळी पाटी द्यावी, खिळ्यांसकट.

४. संपूर्ण घर सलीलची बहीण केतकी हिला. वकील झाल्यावर तिने पहिला खटला माझाच चालवला आणि हरली, पण लढली. समोरच्या खोलीत तिने नोकरीवरून काढलेल्यांसाठी कचेरी थाटावी. पक्षकारांनी पुढच्या दारानेच यावे.

५. यावर सलीलची हरकत असल्यास त्याने न्यायालयाची पायरी चढू नये. अंतर्गत समितीकडे अर्ज करावा. अध्यक्ष केतकी, सदस्य केतकी, अपीलही केतकीकडेच. नियमच तसा आहे.

६. माझी तिरडी समोरच्या दारातूनच निघेल. त्यासाठी मोहिउद्दीनभाईंनी त्या दिवशी कुलूप तोडावे. हुकूम माझा, जबाबदारीही माझी. संघटनेने माझ्यावर खुशाल दावा लावावा. तेव्हा मीही कोणत्याच न्यायालयाच्या कक्षेत नसेन.

ठिकाण: आर्णी
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५
सही: शुभदा कमलाकर खानझोडे

शुभदाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर करत आहोत.
साक्षीदार:
१. मोहिउद्दीन शेख
२. अनवरी मोहिउद्दीन शेख