शेताच्या परिच्छेदात घातलेले घर

मी, सयाजी हंबीरराव सावंत, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी दस्तलेखन, सध्या दारापासून नळापर्यंत येरझाऱ्या, राहणार पलूस, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. शुद्ध जाग्यावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चित्त जाग्यावर नाही, पण त्याचा दाखला कुणी मागत नाही. हा सहावा कागद. पहिले पाच फाडले, कारण तिसऱ्या कलमाशी आलो की उठून पाणी प्यावेसे वाटते. यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र कुणाजवळ निघाल्यास ते रद्द समजावे.

कलम १. पलूस शिवारातील दीड एकर उसाची जमीन, विहिरीतील हिश्श्यासह, मुलगा धैर्यशील यास. तो साताऱ्यात फ्लॅट घेऊन राहतो आणि बांधावर वर्षातून दोनदा येतो, तरीही त्यालाच. घराविषयीचे त्याचे म्हणणे फोनवर ऐकून घेतले आहे. "आबा, आत्या कुठं मागतीया? तुमी उगंच उकरून काढताय." ती मागत नाही म्हणूनच मी उकरून काढतो, हे मला त्याला सांगता आले नाही. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्चा.

कलम २. नात अंकिता, धैर्यशीलची मुलगी, हिला माझे टेबल, दोन शाईची पेने आणि एक पद्धत. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मे महिन्यात आली तेव्हा रडकुंडीला येऊन म्हणाली, "आबा, निबंधात मार्क जात्यात. सर म्हणतात परिच्छेद विस्कटलेला हाय." तिला सांगितले ते इथे लेखी देतो. परिच्छेद जमिनीच्या दस्तासारखा लिहावा. पहिल्या वाक्यात मिळकत कोणती ते सांगावे. मग चतुःसीमा घालाव्यात, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, म्हणजे आत काय येते आणि काय येत नाही ते वाचणाऱ्याला कळते. मधल्या वाक्यांनी बांध सोडून जाऊ नये. शेवटच्या वाक्यात ताबा द्यावा. इथवर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. दुसरी मिळकत निघाली की दुसरा परिच्छेद. एकात दोन घातल्या की कज्जा ठरलेला.

माझ्या शेजारच्या टेबलावर तीस वर्षे बसलेला दस्तलेखक कृष्णात मोहिते हे वाचून हसेल. तो चारचौघांत म्हणायचा, "सयाजी, तुझा परिच्छेद म्हंजी एसटीतलं बाचकं. कायबी कोंबतोस गड्या." साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असा आमच्या धंद्यातला दंडक आहे. कृष्णातला मी साक्षीदार केले आहे, त्यामुळे त्याला काहीही मिळणार नाही. दंडक पाळताना इतके बरे कधी वाटले नव्हते.

आत्ताच पुन्हा उठून पाणी पिऊन आलो.

कलम ३. १९९६ साली वडील वारल्यावर माझी धाकटी बहीण भामाबाई हिने हक्कसोडपत्र करून दिले. आमच्याकडे बहिणी तशी सही देतात. जमीन भावाकडे राहते, बहिणीला माहेर राहते. ती शेतावरचा हक्क सोडायला कबूल होती, घरातला निम्मा हिस्सा सोडायला नव्हती. माझ्या टेबलासमोर बसून म्हणाली, "शेत तुला ऱ्हाऊ दे दादा, पर घरातलं माझं मला ऱ्हाऊ दे. कवा कसली येळ येईल सांगता येत न्हाई." मी बरं म्हणालो आणि लिहायला घेतले.

पहिल्या वाक्यात शेत लिहिले. शेवटच्या वाक्यातही शेतच. मध्ये विहिरीचा हिस्सा, बांधावरची आंब्याची झाडे, पाटाचे पाणी, आणि त्यांच्याच रांगेत गावातील राहते घर. वाचून दाखवले तेही मीच. ऐकणारा माणूस पहिले वाक्य धरतो आणि शेवटचे धरतो, मधल्यांना नुसती मान डोलावतो. हे मला धंद्यामुळे पक्के ठाऊक होते.

२०११ साली तिचे यजमान वारले. ती पलूसला यायचे म्हणाली तेव्हा मी कागद पुढे केला. गडबडीत दोन मिळकती एका परिच्छेदात आल्या, चूक झाली, आता काही करता येत नाही, असे सांगितले. करता येत होते. ती सांगलीत हळदीच्या पेठेजवळ भाड्याच्या खोलीत राहिली. २०१९ च्या पुरात अकरा दिवस आमच्याकडे होती. रोज सकाळी माझ्या बायकोला, मनुबाईला, विचारायची, "वैनी, चहा ठिवू का?" स्वतःच्या घरात. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. मनुबाईने शेवटच्या आजारात मला एकदाच विचारले, "त्या कागदाचं काय केलंसा?" मी तिच्या अंगावरचे पांघरूण नीट करत बसलो.

तर लिहून ठेवतो, की ती चूक नव्हती. तो परिच्छेद विस्कटलेला नव्हता. चाळीस वर्षांच्या धंद्यात इतका विचार करून बांधलेला परिच्छेद माझ्या हातून दुसरा झाला नाही. मला त्याची लाज वाटते.

कलम ४. पलूस गावातील राहते घर. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस भाऊसो मोरे यांचा गोठा, दक्षिणेस बोळ, उत्तरेस शाळेची भिंत. हे सबंध घर माझी बहीण भामाबाई जोतीराम शिंदे हिचे. मृत्युपत्राचा अंमल मेल्यावर होतो, आणि तिने सत्तरीत माझ्या मरणाची वाट का पाहावी, म्हणून ताबा जिवंतपणीच दिला आहे. किल्ली तिच्याकडे आहे. या परिच्छेदात दुसरे काही नाही.

वरील सर्व मजकूर काल दुपारी भामाबाईला वाचून दाखवला, मधली वाक्ये दोनदा. तिसरे कलम संपल्यावर ती म्हणाली, "मला तवाच ठावं हुतं."

मी विचारले, मग सही का केलीस?

"न्हाई केली आसती तर तू भाऊबीजेला आला नसतास. घर न्हाई तर न्हाई, म्हायार तरी ऱ्हाईल म्हनलं."

२०११ साली तो कागद पुढे केला, तेव्हापासून मी तिच्याकडे भाऊबीजेला गेलो नाही. तोंड दाखवायला धजलो नाही. हे ती बोलली नाही, मीच लिहितो.

नंतर कागदाखाली 'वाचून ऐकले, मान्य आहे' असे लिहून मी पेन तिच्यापुढे धरले. कायद्याने त्याची गरज नव्हती, मला होती. तिने पेन हातात घेतले नाही. म्हणाली, "म्या एकदा केली ती बास. आता तू कर."

करतो आहे.

सही : सयाजी हंबीरराव सावंत

आमच्या दोघांच्या देखत सही झाली, ती त्यांनी राजीखुशीने केली.
साक्षीदार :
१. कृष्णात दत्तू मोहिते, दस्तलेखक, पलूस
२. डॉ. राजेश्वरी वीरधवल पाटील, पलूस

ठिकाण : पलूस
दिनांक : २१ ऑक्टोबर २०२५