लाल पानांची हद्द

मॉर्न सोलेय,
१४ जानेवारी

प्रिय युस्टेसदादा,

देवाच्या कृपेने तू तिकडे लीड्सच्या थंडीत धडधाकट असशील. आम्ही आहोत. घरावर छत नाही, पण आहोत. मुलं चर्चच्या हॉलमध्ये झोपतात.

सरकार छपराचे पत्रे देतंय, पण आधी जमिनीचा कागद दाखवा म्हणतंय. आणि कागद क्लाउडवर! वादळात भिजायला नकोत म्हणून कचेरीने सगळी दप्तरं परदेशी कंपनीच्या कॉम्प्युटरांत ठेवली होती. भिजली नाहीत, खरंच. पण कंपनीचं दिवाळं निघालं आणि तिथल्या कोर्टाने सगळ्याला सील ठोकलं. आम्ही इथल्या कोर्टात गेलो, पण आपल्या जजबाईंचा हुकूम तिथे कोण विचारतो? दुसरी प्रत आहे भलत्याच देशात. तिथला कायदा म्हणतो, कागदावर ज्याचं नाव त्याची संमती आणा. शेजारची मेर्लमावशी भर कोर्टात ओरडली, "म्हणजे मेलेल्या नवऱ्याला उठवून सही घेऊ की काय?" जजबाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "चला, डोंगरच बघू."

दादा, कसं सांगू तुला! वादळाने डोंगर सोलून काढलाय, हिरवं पान उरलं नाही. आणि त्या उघड्या उतारावर लाल रेघा! आपण बांधावर लावतो ती लाल पानांची झुडपं, एरवी रानात दिसतही नाहीत. सगळ्यांच्या आधी तीच फुटली. माथ्यापासून समुद्रापर्यंत घराघराची हद्द, पणज्यांच्या हातची. जजबाईंनी चपला काढल्या. अंगावर सरसरून काटा आला माझ्या, लिहितानाही येतोय.

जजबाई म्हणाल्या, हाच पुरावा धरते.

आपल्या जमिनीत मधोमध एक रेघ निघाली. मी म्हटलं, बी पडलं असेल वाऱ्याने. मावशी म्हणाली, "बी कसलं, फिलो? ही फांदी खोचूनच लागते. युस्टेस भांडून बोटीत बसला, त्याच आठवड्यात तुझ्या आईने खोचल्यात. म्हणाली, समुद्राकडचं त्याचं, पोरगा परत आला तर हक्काने उभा कुठे राहील?"

आईने तुला टाकलं असं तू तिच्या मातीलाही न येता म्हणत राहिलास. समुद्राकडचा अर्धा भाग तुझा आहे, दादा.

आणि माझं घर त्यातच येतं. हेच लिहायचं मघापासून टाळतेय. तू हो म्हटल्याशिवाय पत्रे मिळणार नाहीत. नको म्हणालास तर चूल उचलून पलीकडे नेईन, राग धरणार नाही.

पण उत्तर पोस्टाने धाडू नकोस. ये. रान परत वाढायला लागलंय, ईस्टरपर्यंत रेघ झाकून जाईल.

तुझ्या जमिनीवर राहणारी,
फिलो