हौदाकडची बाजू

पाली, ता. १८ ऑगस्ट २०१५

चि. सत्यभामा हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन कावून करीत न्हाईस म्हणून विचारलंस. फोन धरला की तुझा भाऊ कान देऊन बसतो, आणि सांगायचं ते त्याच्याबद्दलच हाय.

बन्सीनं अंगणात लाल मोटार आणून उभी केलीय. दोनच दारं. आत शिरायचं तर आधी जमिनीवर लोळावं लागतं. बाजरीचं एक पोतं त्यात मावायचं न्हाई. मोटार पुण्याच्या आबासाहेबांची, त्यांचं शर्यतीच्या गाड्यांचं वर्कशॉप हाय. ऊस न्हाई म्हणून कारखाना बंद, आणि कारखान्याच्या गॅरेजातला बन्सी घरी. त्याच्या जुन्या फोरमननं आबासाहेबांकडं शब्द टाकला, तर त्यांनी परीक्षा म्हणून ही गाडी धाडली. चारी चाकांचे शॉकअप काढून नवे बसवायचे. नव्याला कॉइलओव्हर म्हणतात. स्प्रिंग आणि शॉकअप एकातच, वर आटे. आटे फिरवले की तेवढाच कोपरा खाली-वर होतो. चारी कोपरे सारखे लागले तर दिवाळीपासून पुण्याला नोकरी.

न्हाई लागले तर ऊसतोडीचा मुकादम शहादेव हायच. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला. मग बन्सी आणि तुझी वहिनी जाई दोघं कोयत्याला. मी सोळा हंगाम तोडला, तुझ्या आईबापानं जन्मभर तोडला. बन्सीच्या हाती कोयता येऊ नये म्हणून त्याला आयटीआयला घातला, ते वाया जायला नको.

गावातल्या गॅरेजात खाली माती, जॅक रुततो, म्हणून मोटार घरी. तुझ्या आजोबांनी गवंडीकामाचं सगळं कसब अंगणातल्या ह्या कोब्यात ओतलंय. टँकर चार दिवसांआड येतो. शेजारची चतुराबाई मोटार बघून म्हणाली, आमची गुरं छावणीत गेली आणि तुमच्या दारात हे नवं जनावर, ह्याला वैरण काय घालता?

खात जा. वाळलेली नर्स बघून दुखणेकरी घाबरतील. म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी
मुक्ताबाई


अंबाजोगाई, ता. २९ ऑगस्ट २०१५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मैत्रिणींना वाचून दाखवलं. वैरणीवर सगळ्या हसल्या. त्या आता मोटारीचा फोटो मागताहेत, तुझाही.

वसतिगृहात एक दिवसाआड पाणी. अंघोळीचा नंबर लागतो. वॉर्डात ऊसतोडीच्या बाया येतात, त्यांचे हात बघितले की जाईवहिनीचे हात आठवतात आणि मी दुसरीकडे बघते. दादाला सांग, घाई करू नको. लहानपणी ताटातल्या भाकरीसुद्धा तो मोजून घ्यायचा, कोपरे चारच आहेत.

अंगणात मोटार ही कल्पनाच करवत नाही. मला त्या कोब्यावरचा पाऊसच आठवतो. मी दारातून चपला सोडायचे, त्या तरंगत हौदापर्यंत जायच्या आणि तू माझ्या पाठीत धपाटा घालायचीस. किती वर्षं झाली गं चपला वाहून?

गुडघ्याला तेल लाव. रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझी
सत्यभामा


पाली, ता. २१ सप्टेंबर २०१५

चि. सत्यभामा हिस,
आशीर्वाद.

वाईट बातमी आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. नोकरी गेली.

काम बन्सीनं लई नीट केलं. अकरा दिवस मोटारीखाली होता, नुसते पाय दिसायचे. शेवटी उंची मोजायची वेळ आली तेव्हा मोबाईलमध्ये बघून म्हणाला, आजे, आधी जमीन सपाट हाय का बघावं लागतं. मला राग आला. म्हणलं, तुझ्या आजोबाच्या हातचा कोबा तू काय तपासतोस? आणि मोटारच माप म्हणून कोठीतून त्यांची लेव्हल बघायची पाण्याची नळी काढून दिली. ह्याच नळीनं त्यांनी कारखान्याच्या चाळी लेव्हलीत उभ्या केल्या, एक भिंत कलली न्हाई. प्यायच्या कळशीतून तांब्याभर पाणी नळीत घातलं. एका टोकाला जाई, एका टोकाला मी. मोटारीच्या चारी कोपऱ्यांवर मारलेल्या रेषेवर पाणी येईस्तोवर त्यानं आटे फिरवले. तांदळाच्या दाण्याइतका फरक न्हाई.

आबासाहेब आले, मोटार घेऊन बीडच्या अंगानं गेले आणि पाव तासात परत. म्हणाले, गाडी लंगडती, एका बाजूला ओढती. बन्सीनं मोटार त्याच जागी, चाकांच्या त्याच खुणांवर लावली, त्यांच्यादेखत परत नळी धरली. पाणी रेषेवर! तो म्हणाला, साहेब, पाणी खोटं बोलत न्हाई. आबासाहेबांना चालवायचं कळतं, खोलायचं न्हाई. ते म्हणाले, पाणी खरं, गाडी खरी, मग तुझे हातच खोटे. दुसऱ्या दिवशी ट्रकावर घालून मोटार नेली.

बन्सी जेवतो. हात पालथे करून बघत बसतो. शहादेवला होकार गेला.

तू रडू नको, तुला पेपर हायेत. हाय तशी माया राहू दे.

तुझी आजी


पाली, ता. २० नोव्हेंबर २०१५

चि. बन्सी यास,
आजीचा आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र शहादेवच्या माणसाबरोबर धाडते. राहायला कोप नीट बांधली का? जाईला ताप होता, तो उतरला का ते लिही.

आता ऐक. पाडव्याला नळी गुंडाळून ठेवायला घेतली. आतलं पाणी फेकवेना, म्हणून कोंबड्यांच्या ताटलीत ओतलं. ओतताना थोडं कोब्यावर सांडलं. ते पाणी उभं राहिलं न्हाई रे. तुझी मोटार होती तिथून सरळ हौदाकडं निघालं. मी बघत बसले.

तुझ्या आजोबांनी कोबा हौदाकडं उतरताच घातला होता, पावसाचं पाणी हौदात जावं म्हणून. मीच घमेली वाहिली होती. सत्यभामेनं चपला वाहायच्या म्हणून लिहिलं, ते वाचूनसुद्धा मला उमगलं न्हाई. चार वर्षांत त्या कोब्यावर धड पाणी वाहिलं न्हाई, तर उतार कुणाच्या ध्यानात राहतो? उतरत्या जमिनीवर तू मोटार लेव्हलीत आणलीस. म्हणजे हौदाकडची बाजू उचललीस. सपाट सडकेवर ती लंगडणारच.

तू तपासायला निघाला होतास, मी अडवलं. चूक माझी. तुझे हात खरे हायेत. हे तुला कळावं एवढ्यासाठी लिहिलं, मला माफ कर म्हणायला न्हाई.

सत्यभामेकडून आबासाहेबांना फोन करवला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, असेल तसं, पण त्या जागी माणूस घेतला. मग मी सब्बल काढली. हा कोबाच फोडून टाकते. जाईला जप. राग धर, पण पत्र बंद करू नको.

तुझी आजी


ऊसतोडीचा तळ, ता. ९ डिसेंबर २०१५

ती. आजीस,
बन्सीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. जाईचा ताप उतरला, ती मोळ्या बांधते. कोप गळत नाही, गळायला पाऊस कुठं आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या दिवशी उमगलं असतं तर आटे फिरवायला अर्धा तास पुरला असता. पान्यांची पेटी मी इथं आल्या आल्या ट्रॅक्टरवाल्याला देऊन टाकली. परत मागायला गेलो होतो, पण तो कारखान्यावर ऊस टाकायला गेला आणि तिकडूनच दुसऱ्या टोळीवर लागला. हात आता कोयत्याला बसलेत. पहिल्या आठवड्यात फोड आले होते, आता येत नाहीत.

तुझ्यावर राग नाही. पण सब्बल ठेवून दे. कोबा फोडू नको. त्यात काही खोट नाही. पाऊस आलाच कधी, तर पाणी हौदातच गेलं पाहिजे.

जाईचा नमस्कार. आम्हांला विसरू नको.

तुझा
बन्सी