पान ४१ वरचा मोठा X

४ ऑगस्ट, सोम.
शबानाने प्रबंधाचं तिसरं प्रकरण आणून दिलं. 'सर, तुमी नजर घातल्याबिगर पुढं पाठवणार न्हाई. सोमवारपर्यंत बघा.' बी.एस्सी.ला माझीच विद्यार्थिनी, नेकनूरची. गणितात संच म्हणजे लहान अक्षर, वर्ग (संचात न मावणारा समूहही त्यात आला) म्हणजे मोठं, हे तिला मीच शिकवलं. आता माझ्याच कॉलेजात शिकवते, स्टाफरूममध्ये शेजारच्या टेबलावर बसते. माझा स्वतःचा प्रबंध अकरा वर्षं अर्धवट, कपाटात.
घरी बायको म्हणाली, 'तोंड कावून उतरलंय? तुमचीच पोरगी मोठी व्हायली.'
हो. म्हणूनच.

६, बुध.
अर्धं वाचलं. स्वच्छ लिहिते. एकही वाक्य फुकट नाही. जळतो मी, इथं तरी लिहून टाकतो.

७, गुरु.
पान ४१. सापडलं!
नवा वर्ग बनवताना अटीत 'प्रत्येक' फक्त लहान अक्षराला लावता येतं. शबानाबाईंनी 'प्रत्येक X' लिहिलंय, मोठा X. पुढची बारा पानं त्यावरच उभी. स्टाफरूममध्ये दोनदा चहा घेतला, शिपायाशीसुद्धा गोड बोललो. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

९, शनि.
दुरुस्ती सुचली. वर्गाचा संचाशी छेद घेतला की संचच मिळतो. मोठ्या X ऐवजी त्याचे असे तुकडे घेतले की भागतं. सहा ओळी. अकरा वर्षांत माझ्या हातून झालेलं पहिलं धड काम, आणि ते जाणार तिच्या प्रकरणात. मला आभारात एक ओळ.
तिचा फोन. 'झालं का बघून?' म्हणालो, 'चांगलंय.' चूक सांगितली नाही, दुरुस्तीही नाही.

११, सोम.
आल्या आल्या श. म्हणाली, 'पान ४१ वर घाण केलती मी, सर. काल घावली. नीट केलं.' तिची दुरुस्ती चार ओळींची. तुकडे वगैरे काही लागतच नाहीत. खरं सांगायचं तर सुंदर आहे.
मग तिनं विचारलं, 'तुमाला ती चूक दिसली व्हती का न्हाई?' आवाजात राग नव्हता, तेच वाईट.
नाही म्हटलं तर ज्याने नियम शिकवला त्यालाच तो कळत नाही. हो म्हटलं तर...
'तास आहे,' म्हणून उठलो. तास नव्हता. ग्रंथालयात बसून हे लिहितोय. खिडकीतून स्टाफरूम दिसते. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर ती अजून बसून आहे.